विज्ञानाचा नकाशा टॉलेमीच्या टप्प्याला पोचला आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लाखो शोधनिबंधांच्या संदर्भसूच्या चाळून संगणकानं काढलेले विज्ञानाचे नकाशे आणि जगाचे जुने नकाशे यांची तुलना बरेच जण करतात. ती खरोखर काही शिकवते, की नुसती शोभेची आहे? आणि शिकवत असेल, तर विज्ञानाचा नकाशा आज नेमका कुठवर आलाय, प्राचीन ग्रीक भूगोलकार टॉलेमीपर्यंत की सोळाव्या शतकातल्या नकाशाकार मर्केटरपर्यंत?

माझं मत आधी सांगून टाकतो, कारणं मग देतो. तुलना उपयोगाची आहे, पण बहुतेक जण ती चुकीच्या जागी करतात. रंगीत ठिपक्यांचे पुंजके खंडांसारखे दिसतात, मधली मोकळी जागा समुद्रासारखी दिसते, आणि लोक तिथेच रमतात. पाहायचं असतं ते नकाशा तयार कसा झाला हे: माहिती कुणाकडून आली, ती जोडली कशी, आणि माहिती संपली तिथे नकाशा काढणाऱ्यानं काय केलं. या कसोटीवर आजचे विज्ञानाचे नकाशे टॉलेमीपर्यंतही पोचलेले नाहीत. त्यांचं सख्खं नातं वेगळ्याच एका नकाशाशी आहे, रोमन रस्त्यांच्या एका लांबलचक पटाशी. त्याच्याकडे येतोच.

तुलना तशी जुनीच. १७५१ साली फ्रेंच विश्वकोशाचा पहिला खंड निघाला, त्याच्या प्रस्तावनेत सहसंपादक दालांबेरनं ज्ञानवृक्षाच्या आकृतीला जगाच्या नकाशाची उपमा दिली आहे. मुख्य देश कोणते, ते एकमेकांच्या कुठल्या अंगाला आहेत, एकातून दुसऱ्यात जायची वाट कोणती, एवढं त्या आकृतीत दिसावं. विश्वकोशातल्या नोंदी म्हणजे त्या त्या देशांचे तपशीलवार नकाशे. पुढे तो असंही म्हणतो की जगाचे नकाशे जितक्या वेगवेगळ्या प्रक्षेपणांनी (गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायच्या रीतींनी) काढता येतात, तितक्याच वेगवेगळ्या तऱ्हांनी ज्ञानाची मांडणी करता येईल. हे दुसरं वाक्य उपमेपेक्षा मोलाचं आहे, आणि आज विज्ञानाचे नकाशे भिंतीवर लावणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ते ठाऊक असतं. २००५ साली इंडियाना विद्यापीठाच्या कॅटी बर्नर यांच्या पुढाकारानं विज्ञानाच्या नकाशांचं एक फिरतं प्रदर्शन सुरू झालं. त्याचा पहिला भागही याच तुलनेवर बेतलेला होता: जगाचे चार जुने नकाशे आणि विज्ञानाचे सहा.

आता माहिती कुठून येते ते पाहू. इसवी सन १५० च्या सुमाराला अलेक्झांड्रियात बसून टॉलेमीनं सुमारे ८,००० ठिकाणांचे अक्षांश-रेखांश लिहून काढले. त्यातली बहुतेक ठिकाणं त्यानं पाहिलेली नव्हती. व्यापारी, खलाशी, सैन्याच्या वाटा आणि आधीच्या भूगोलकारांची, विशेषतः टायरच्या मरिनसची, टिपणं हे त्याचं भांडवल. आकाशाकडे पाहून मोजलेले अक्षांश मोजकेच होते. रेखांश जवळजवळ सगळे ‘इतक्या दिवसांचा प्रवास’ अशा हिशेबातून आलेले. त्यात पृथ्वीचा घेर त्यानं १,८०,००० स्टेडिया (हे अंतराचं जुनं ग्रीक माप) धरला. त्याच्या आधीच्या ग्रीक विद्वान इराटोस्थेनिसचा आकडा २,५२,००० होता. घेर लहान धरला की एका अंशात मावणारं अंतर कमी होतं आणि तोच प्रवास जास्त अंश खातो. त्याचा भूमध्य समुद्र पूर्व-पश्चिम ६२ अंश लांब झाला. प्रत्यक्षात तो ४२ अंशांच्या आसपास आहे. ही एखाद्या गावाची जागा चुकल्यासारखी सुटी चूक नव्हती. मोजण्याच्या रीतीतच ती मुरलेली होती, म्हणून सगळीकडे सारखी पसरली.

विज्ञानाचा नकाशा काढणारा माणूसही असाच एका जागी बसलेला असतो. तो निबंध वाचत नाही. एवढे वाचून होणारही नाहीत. त्याच्यापर्यंत येतात त्या फक्त नोंदी, कुणी कुणाचा संदर्भ दिला याच्या. १९६० च्या दशकात यूजीन गारफील्ड यांनी सायन्स सायटेशन इंडेक्स ही संदर्भांची सूची सुरू केली आणि अशा नोंदी पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर हाताशी आल्या. १९६५ मध्ये डेरेक द सोला प्राइस यांनी संदर्भांच्या जाळ्यावरून विज्ञानाच्या साहित्याचा भूप्रदेश रेखाटता येईल अशी कल्पना मांडली. मग १९७३ साली अमेरिकेत हेन्री स्मॉल आणि सोव्हिएत रशियात इरिना मार्शाकोव्हा यांना स्वतंत्रपणे एकच युक्ती सुचली: दोन निबंधांचा उल्लेख इतर लोक वारंवार एकत्र करत असतील, तर ते दोन निबंध जवळचे मानायचे. या सहसंदर्भाच्या पद्धतीवर पुढचं अर्धंअधिक काम उभं आहे. प्रवासाच्या दिवसांवरून अंतर काढण्याशी तिचं साम्य तुमच्या लक्षात आलंच असेल. अंतर कुणी मोजलेलं नाही. रहदारीवरून ते मानलेलं आहे.

आणि रहदारी सगळीकडे सारखी नसते. जीववैद्यकात निबंध भरमसाट निघतात आणि प्रत्येकाच्या शेवटी संदर्भांची लांबलचक यादी असते. गणितात यादी आटोपशीर. मानव्यविद्यांमधलं बरंच लेखन पुस्तकांत होतं, तर मोठे डेटाबेस मुख्यतः जर्नलांवर उभे आहेत. इंग्रजीखेरीज इतर भाषांतलं संशोधन पुष्कळदा दारातच अडतं. त्यामुळे कुठलाही सर्वसाधारण नकाशा उघडा, वैद्यक आणि जैवरसायन यांचं एक अवाढव्य खंड दिसेल आणि तत्त्वज्ञान कडेला एखाद्या बेटासारखं. टॉलेमीच्या नकाशात श्रीलंका तिच्या खऱ्या आकाराच्या कितीतरी पट मोठी आहे आणि शेजारचं भारतीय द्वीपकल्प चेपून जवळजवळ नाहीसं झालंय, तसाच हा प्रकार. अशा नकाशावरचा आकार विषयाच्या खोलीचा नसतो, त्या विषयात किती शाई खर्ची पडते त्याचा असतो. संशोधनाचा निधी वाटणाऱ्या समित्यांपुढे नकाशा ठेवताना मी हे वाक्य पहिल्यांदा सांगतो, आणि तरी प्रश्न यायचा तो येतोच: ‘हा ठिपका एवढा लहान का?’

माहितीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे नकला. कॅलिफोर्निया हे द्वीपकल्प आहे हे सोळाव्या शतकातल्या कित्येक नकाशांत बरोबर दाखवलेलं होतं. सतराव्या शतकात ते बेट झालं आणि एका नकाशावरून दुसऱ्यावर उतरत बेटच राहिलं. युसेबियो किनो या मिशनऱ्यानं १७०१ च्या सुमाराला जमिनीवरून वाट आहे असं सांगितलं, तरीही ते बेट पुसलं जाईना. शेवटी १७४७ साली स्पेनच्या सहाव्या फर्डिनंड राजाला ‘कॅलिफोर्निया बेट नाही’ असं फर्मान काढावं लागलं. ज्ञान पुढेच सरकतं असं मानणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावं. संदर्भांच्या जगात हेच घडतं. २००३ साली सिमकिन आणि रॉयचौधरी या दोघांनी गाजलेल्या निबंधांच्या संदर्भांतल्या छपाईच्या चुका तपासल्या. पानाचा आकडा एकानं चुकवला की पुढचे कित्येक जण तोच चुकीचा आकडा छापत जातात. त्यावरून त्यांनी अंदाज बांधला की संदर्भ देणाऱ्या पाचांतला साधारण एकच जण मूळ निबंध वाचत असावा. हा आकडा थोडा इकडे-तिकडे झाला तरी मुद्दा तोच राहतो: सहसंदर्भाच्या नकाशातल्या जाड रेषांमध्ये काही रेषा नकलेच्या असतात.

नकाशाच्या मध्यभागी कोण, हा प्रश्न सगळ्यात मजेदार आहे. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या सुमाराच्या बॅबिलोनी मृत्तिकापट्टीवर मधोमध बॅबिलोन आहे आणि भोवती खाऱ्या पाण्याचं कडं. इंग्लंडमधल्या हेरफर्डच्या १३०० च्या सुमाराच्या नकाशात जेरुसलेम मध्यावर आणि पूर्व दिशा वर. (याच नकाशावर युरोप आणि आफ्रिका ही दोन मोठी सोनेरी नावं चक्क अदलाबदल होऊन पडली आहेत, एवढं देखणं काम करूनही.) १४०२ च्या कोरियन नकाशात चीन मधोमध पसरलेला, आणि कोरिया जवळजवळ आफ्रिकेएवढा. यावर हसणं सोपं आहे. पण १४५० च्या सुमाराला व्हेनिसच्या फ्रा माउरो या नकाशाकार भिक्षूनं काय केलं पाहा. त्याच्या नकाशात आशियाची नवी माहिती मावत नव्हती, म्हणून जेरुसलेम मध्यावरून पश्चिमेकडे सरकलं. हे धाडस होतं, आणि त्याला त्याची जाणीव होती. म्हणून त्यानं नकाशावरच टीप लिहून ठेवली: पूर्व-पश्चिम पाहता जेरुसलेम मध्यावर नाही हे खरं, पण पश्चिमेकडे वस्ती दाट आहे, तेव्हा मोकळी जागा न मोजता माणसांची दाटी मोजली तर ते मध्यावरच येतं.

ही टीप मी नव्या विद्यार्थ्यांना वाचायला लावतो. मध्य हा जमिनीचा गुण नाही, तुम्ही काय मोजता त्याचा परिणाम आहे, हे फ्रा माउरोला साडेपाचशेहून अधिक वर्षांपूर्वी कळलं होतं. विज्ञानाच्या नकाशात तर हे ढळढळीत दिसतं. २००९ साली योहान बोलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संदर्भ बाजूला ठेवले आणि वाचकांच्या क्लिकवरून नकाशा काढला. वेगवेगळ्या प्रकाशकांच्या संकेतस्थळांवर लोक एका निबंधावरून दुसऱ्यावर कसे जातात याच्या जवळपास एक अब्ज नोंदी त्यांच्याकडे होत्या. संदर्भांच्या नकाशांत कडेला पडलेल्या समाजशास्त्रं आणि मानव्यविद्या या नकाशात मधोमध आल्या, आणि बाकीच्या शाखा त्यांच्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या पसरल्या. विज्ञान तेच होतं. फरक मोजण्यात होता: एकीकडे कोण कुणाचा उल्लेख करतं, दुसरीकडे कोण काय वाचतं.

दिशेबद्दल फार लिहीत नाही. अरब भूगोलकार इद्रिसीनं ११५४ साली सिसिलीच्या राजासाठी काढलेल्या नकाशात दक्षिण वर होती, फ्रा माउरोच्याही. तिथे निदान वर कुठली तरी दिशा होती. विज्ञानाच्या नकाशात वर-खाली, डावं-उजवं याला शून्य अर्थ असतो. चित्र कुठल्याही बाजूला फिरवा, आरशात उलटं करा, माहिती तीच. तरीही ‘भौतिकशास्त्र सगळ्यांत वर आहे’ असं वाक्य ऐकलं नाही अशी सभा विरळाच.

आता तो रोमन पट. व्हिएन्नातल्या राष्ट्रीय ग्रंथालयात पॉइटिंगरचा पट म्हणून ओळखली जाणारी एक चर्मपत्राची गुंडाळी आहे. सध्याची प्रत मध्ययुगातली, मूळ उत्तर-रोमन काळातलं. लांबी पावणेसात मीटरच्या आसपास आणि उंची जेमतेम ३४ सेंटिमीटर. एवढ्या अरुंद पट्टीत युरोपच्या पश्चिम टोकापासून भारतापर्यंतचं जग बसवायचं म्हटल्यावर भूमध्य समुद्राची एक पातळ फीत झाली, इटली आडवी ताणली गेली, उत्तर आणि दक्षिण एकमेकींवर दाबली गेली. किनाऱ्याचे आकार पाहून ही इटली हे ओळखणंही कठीण. पण रस्ता कुठून कुठे जातो, वाटेत कुठले मुक्काम लागतात, दोन मुक्कामांमध्ये अंतर किती, हे सगळं त्यावर आहे. अंतर डोळ्यांनी मोजायचं नाही, रेषेवर लिहिलेला आकडा वाचायचा. कागदावर बोटभर अंतरावर दिसणारी दोन गावं समुद्राच्या दोन काठांवर असू शकतात.

विज्ञानाचे नकाशे नेमके या जातीचे आहेत. त्यांच्यात खरं काय असतं? जोडण्या, आणि जोडण्यांचं वजन. जागा खरी नसते. ती कशी ठरते ते थोडक्यात सांगतो. प्रत्येक जोडणी ही स्प्रिंग मानायची, जोडलेले ठिपके एकमेकांना ओढतात. शिवाय सगळेच ठिपके एकमेकांना ढकलतात. संगणक हे ओढणं-ढकलणं पुन्हा पुन्हा करून, ताण कमी झाला की थांबतो. सुरुवातीची मांडणी वेगळी घेतली तर शेवटचं चित्रही बरंच वेगळं येऊ शकतं, तेवढ्याच कमी ताणाचं. हल्ली निबंधांच्या मजकुरावरून नकाशे काढतात. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका नकाशात जीववैद्यकाचे २ कोटी १० लाख निबंध, प्रत्येकाचा एक ठिपका, असे मांडले आहेत. त्यासाठी टी-एसएनई ही २००८ सालची पद्धत वापरली आहे. ही पद्धत शेजाऱ्यांना शेजारी ठेवण्यात हुशार आहे. पण दोन दूरच्या पुंजक्यांमधलं अंतर, किंवा पुंजक्याचा फुगीरपणा, यावर विसंबून काही म्हणावं अशी तिची घडणच नाही. लोक मात्र म्हणतात.

गणिती गाउसनं १८२७ मध्ये सिद्ध केलं की गोलाचा पृष्ठभाग ताणाताण न करता सपाट करताच येत नाही. पृथ्वीच्या पृष्ठभागाला दोनच मिती, तरी ही गत. निबंधांच्या परस्परसंबंधांना शेकडो मिती लागतात. ते दोन मितींत आणताना किती मोडतोड होत असेल याचा विचार करा. मर्केटरनं १५६९ मध्ये मोडतोड टाळली नाही, ती कुठे होऊ द्यायची हे ठरवलं. होकायंत्राचा एकच कोन धरून जाणारा मार्ग कागदावर सरळ रेषा यावा, एवढं त्यानं राखलं, आणि त्यासाठी ध्रुवांकडचे प्रदेश फुगू दिले. म्हणून विज्ञानाच्या नकाशाला विचारायचा पहिला प्रश्न ‘हा खरा आहे का’ हा नव्हे. यात काय राखलंय आणि काय सोडलंय, हे विचारायचं. काढणाऱ्याला याचं उत्तर देता येत नसेल, तर तो नकाशा सजावटीला चांगला.

एक गंमत सांगायलाच हवी. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेच्या नावानं ओळखला जाणारा, ५५४ उपशाखा आणि १३ मुख्य शाखांचा एक बहुवापराचा नकाशा आहे. त्याच्या कर्त्यांनी ठिपके आधी एका गोलावर मांडले आणि मग तो गोल मर्केटर प्रक्षेपणानं सपाट केला. त्यामुळे त्याची डावी कड उजव्या कडेला मिळते, जगाच्या भिंतीवरच्या नकाशासारखी. विज्ञान गोल आहे असा त्यांचा दावा नव्हता; चौकोनी कागदावर कुणालातरी कोपऱ्यात ढकलावं लागतं ते टाळायचं होतं. मला ही कल्पना आवडते, पण अशा नकाशामुळे जोखीमही वाढते. मर्केटरचं चित्र पाहून तयार झालेली नजर इथेही अक्षांश-रेखांश शोधू लागते.

आणि ते तर नाहीतच. टॉलेमीचं खरं देणं त्याच्या चित्रात नाही, त्याच्या अक्षांश-रेखांशांच्या जाळीत आहे. त्यानं ठिकाणांची यादी आणि नकाशा काढायची रीत लिहून ठेवली. मूळ नकाशे हातात नसताना, हजारएक वर्षांनी, १३०० च्या सुमाराला बायझंटाईन भिक्षू प्लानुदीसच्या खटपटीतून त्या यादीवरून नकाशे पुन्हा उभे राहिले. नवं ठिकाण कळलं तर ते जाळीवर टिपायचं. बाकीची ८,००० ठिकाणं जागची हलत नाहीत. मुख्य म्हणजे, जिथे काहीच माहीत नाही त्या जागेलाही पत्ता असतो. विज्ञानाच्या नकाशात यातलं काही नाही. चार नव्या जर्नलांची भर घाला आणि पुन्हा मांडणी करा, सगळं हलतं. म्हणून मी म्हणालो की आपण टॉलेमीच्या अलीकडेच आहोत. पाया स्थिर ठेवायचे प्रयत्न झाले आहेत: इस्माएल राफोल्स, अॅलन पोर्टर आणि लोएट लायडेस्डॉर्फ यांनी २०१० मध्ये असं सुचवलं की एक सर्वसाधारण नकाशा कायम धरावा आणि एखाद्या संस्थेचं किंवा विषयाचं काम त्यावर फक्त वरून टिपावं. स्पेननं १५०८ मध्ये सेव्हिलमध्ये एक अधिकृत मूळ नकाशा ठेवला होता, परतणाऱ्या जहाजांवरची माहिती त्यात भरली जायची, आणि नव्या मोहिमांना त्याच्या नकला मिळायच्या. ही व्यवस्था साधारण तशीच. चालते चांगली. पण पाया कायम धरण्याचा निर्णय आपला आहे, पृथ्वीनं तो आपल्यासाठी घेतलेला नाही.

मोकळ्या जागेचा मुद्दा इथेच येतो. जुन्या नकाशांतल्या ‘इथे ड्रॅगन आहेत’ या ओळीचा उल्लेख प्रत्येक भाषणात होतो. ती ओळ प्रत्यक्षात एखाद-दुसऱ्या जुन्या पृथ्वीगोलावरच सापडते. कोंग पर्वताचं उदाहरण जास्त बोलकं आहे. जेम्स रेनेल या नामांकित भूगोलज्ञानं १७९८ साली पश्चिम आफ्रिकेच्या नकाशात पर्वतांची एक आडवी रांग काढली. नायजर नदी समुद्राकडे वळतच नाही या त्याच्या चुकीच्या तर्काला ती रांग हवी होती. पुढची जवळपास ९० वर्षं ती नकाशांतून हटली नाही. १८८०च्या दशकाच्या शेवटी लुई-गुस्ताव्ह बँजे हा फ्रेंच अधिकारी तिथून चालत गेला आणि पर्वत नाहीत असं सांगून मोकळा झाला. याच्या उलट, फ्रेंच नकाशाकार दानव्हिलनं १७४९ च्या आफ्रिकेच्या नकाशात ज्याला पुरावा नाही ते सगळं काढून टाकलं आणि मोठमोठे भाग सरळ कोरे सोडले. मला विचाराल तर नकाशाशास्त्राच्या इतिहासातली ही सगळ्यांत सभ्य कृती.

विज्ञानाच्या नकाशातला कोरा भाग दोन प्रकारचा असू शकतो, आणि नुसतं पाहून ते ओळखता येत नाहीत. एक, तिथे खरंच कुणी काम केलेलं नाही. दुसरा, ठिपके एकमेकांना ढकलत होते म्हणून ती फट पडली. तिथे शोधण्यासारखं काही नाही. पहिल्या प्रकाराचं चांगलं उदाहरण डॉन स्वॉन्सन यांचं. १९८६ साली त्यांनी दाखवलं की माशाच्या तेलाचा रक्तावर काय परिणाम होतो हे सांगणारे निबंध एकीकडे आणि थंडीत बोटांचा रक्तप्रवाह आवळणाऱ्या रेनो विकाराबद्दलचे निबंध दुसरीकडे, असे दोन ढीग आहेत. ते एकमेकांचा उल्लेख करत नाहीत, पण रक्ताचा दाटपणा आणि रक्तपेशींचं चिकटणं या दुव्यांनी ते जोडता येतात. म्हणजे माशाचं तेल या विकारावर उपयोगी पडावं. १९८९ मधल्या एका छोट्या वैद्यकीय चाचणीत या तर्काला आधार मिळाला. ही मोकळी जागा खरी होती. पण ती स्वॉन्सन यांना रंगीत चित्र पाहून दिसलेली नाही. दोन्ही ढीग वाचून दिसली.

मोकळ्या जागेला पत्ता असला की काय होतं हे पाहायचं तर मेंडेलीव्हची सारणी पाहा. १८६९ ची ती मांडणीही एका विज्ञानाचा नकाशाच, आणि जाळी असलेला. तिथली रिकामी घरं मूलद्रव्यांची वाट पाहत होती: गॅलियम १८७५ मध्ये मिळालं, स्कँडियम १८७९ मध्ये, जर्मेनियम १८८६ मध्ये, भाकीत केलेल्या गुणांच्या जवळ जाणारं. संदर्भांच्या नकाशातली कुठलीही फट आजवर असं काही सांगू शकलेली नाही, कारण तिच्या दोन्ही बाजूंना अक्ष नाहीत.

तुलना जिथे खऱ्या अर्थानं मोडते ती जागा आता. बँजे चालत गेला आणि पर्वत नाहीसे झाले. जमीन होती म्हणून चूक पकडता आली. विज्ञानाच्या नकाशाखाली अशी जमीन नाही. जाऊन पाहायला कुणाला कुठे पाठवणार? या प्रश्नाचं एक अर्धंमुर्धं पण प्रामाणिक उत्तर रिचर्ड क्लावन्स आणि केविन बोयॅक यांनी २००९ मध्ये दिलं. वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या माहितीवरून, वेगवेगळ्या पद्धतींनी काढलेले २० नकाशे घेऊन कुठल्या शाखा सगळीकडे शेजारी येतात ते त्यांनी तपासलं. ढोबळमानानं एक कडं निघालं: गणित, भौतिकशास्त्र, रसायन, पृथ्वीविज्ञान, जीवशास्त्र, वैद्यक, मेंदूविज्ञान, मानसशास्त्र, समाजशास्त्रं, संगणकशास्त्र आणि पुन्हा गणित. अनेक खलाशांची टिपणं जुळवून किनारा पक्का करावा तसं हे काम आहे. त्यातून शेजार पक्का होतो. आकार आणि अंतर नाही. शिवाय २० पैकी बरेच नकाशे त्याच एक-दोन डेटाबेसांवरून काढलेले असतील तर साक्षीदार २० नव्हेत, एक-दोनच. हे मनात ठेवूनच त्या कड्याकडे पाहावं.

किनारा जागेवर राहतो, विज्ञान राहत नाही, हाही फरक आहेच. संदर्भ साचायला काही वर्षं जातात, त्यामुळे सहसंदर्भाचा नकाशा कायम थोडा मागचा असतो.

आणि नावं ठेवण्याचा अधिकार? तो दोन्हीकडे सारखाच भारी. जर्मन नकाशाकार वाल्डझेम्युलरनं १५०७ च्या नकाशात नव्या भूमीला अमेरिका म्हटलं. १५१६ च्या मोठ्या नकाशात त्यानं ते नाव गाळलं, पण तोवर ते हाताबाहेर गेलं होतं. १५३८ मध्ये मर्केटरनं ते उत्तर आणि दक्षिण दोन्हींना देऊन टाकलं. विज्ञानाच्या नकाशात पुंजक्याला नाव बहुतेक वेळा त्यातल्या निबंधांत वारंवार येणाऱ्या शब्दांवरून यंत्रच देतं, किंवा एखादा थकलेला संशोधक संध्याकाळी यादी पाहून देतो. तेच नाव अहवालात जातं, अहवालावरून निधीचं शीर्षक ठरतं, आणि निधी हवा असलेले लोक आपल्या निबंधांत ते नाव घालू लागतात. पुढच्या नकाशात तो पुंजका आणखी घट्ट होतो. जगाच्या नकाशांनीही जमिनी वाटल्या, पण नकाशा काढल्यानं डोंगर जागचे हलले नाहीत. इथे हलतात.

तुम्हाला प्रत्यक्ष तुलना मांडायची असेल तर माझी सूचना अशी. टॉलेमी आणि एखादा चकचकीत विज्ञाननकाशा अशी जोडी लावू नका. पॉइटिंगरचा पट आणि स्मॉल यांच्या पद्धतीचं सहसंदर्भाचं जाळं शेजारी ठेवा. फ्रा माउरोची टीप आणि बोलेन यांचा क्लिकचा नकाशा एकत्र ठेवा. रेनेल आणि दानव्हिल यांचे आफ्रिकेचे नकाशे एकाखाली एक लावा आणि त्यांच्याशेजारी स्वतःच्या विषयाचा नकाशा, ज्यातल्या मोकळ्या जागा तुम्ही स्वतः ओळखू शकता. आणि स्वतः नकाशा काढाल तेव्हा १५७० सालच्या ऑर्टेलियसच्या नकाशासंग्रहाचं एवढं तरी घ्या: त्यानं ज्यांच्या नकाशांवर काम केलं त्या ८७ जणांची यादी पुस्तकात छापली होती. तुमच्या नकाशाच्या कोपऱ्यात डेटाबेस कुठला, कुठल्या वर्षांचा, किती संदर्भांखालचे निबंध गाळले, मांडणीची पद्धत कोणती आणि सुरुवातीची मांडणी ठरवणारा यादृच्छिक आकडा काय, एवढ्या पाच गोष्टी बारीक अक्षरात लिहा. तोच नकाशा वेगवेगळ्या सुरुवातींनी काही वेळा काढा, आणि जे शेजार दरवेळी टिकले तेवढ्यांनाच जाड रेषा द्या.